थोरला टी, धाकटा टी

योगिनीनं चौथ्यांदा बटण दाबलं. पडदा काळा झाला, पापणी लवते न लवते तोवर मधे काहीतरी मातकट चमकलं, आणि खिडकी आपोआप मिटली. मागे उरलं ते ऑनलाइन दुकानाचं पान. त्यावर खेळाचं नाव, 'थाप'. त्याखाली बनवणारीचं नाव, कुणाली. कोपऱ्यात पेंग्विनचं नखाएवढं चित्र. हे चित्र असलं की खेळ लिनक्सवर चालतो, असा अशा दुकानांचा रिवाज.

चालत नव्हता. योगिनीला फार बरं वाटलं.

इतकं बरं तिला गेल्या पंधरा दिवसांत वाटलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं ती मनाशी म्हणाली आणि खात्री करायला पाचव्यांदा बटण दाबून पाहिलं. पुन्हा तेच. दुपारची तुकडी सुटली होती, संध्याकाळच्या मुली यायला अजून अवकाश होता. खाली खताच्या दुकानात कुणीतरी पोती उतरवत होतं आणि प्रत्येक पोत्यासरशी माडीची फळी हलत होती. किन्हवलीच्या नाक्यावरच्या या माडीत सहा कॉम्प्युटर होते, ठाण्याच्या कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेले. त्यांना विंडोज झेपत नव्हतं, म्हणून बारा वर्षांपूर्वी योगिनीनं स्वतः बसून सहाच्या सहांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं, हलकं लिनक्स घातलं होतं. तेव्हापासून शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुणाचं मशीन अडलं की लोक म्हणत, लिनक्सवाल्या मॅडमना विचारा.

कुणाली याच माडीत शिकली, चार नंबरच्या मशीनवर. गावाबाहेरच्या वाडीतली पोर. घरची सगळी माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात, ती पेरणीच्या तोंडाला परत येत, त्यामुळे तिचा क्लास दर वर्षी अर्धाच व्हायचा. तरी भट्टीवरून परतली की आठ दिवसांत ती बाकीच्यांच्या पुढे असे. योगिनीला तेव्हा तिचा केवढा अभिमान होता! तेव्हा तो सोपाही होता. पोर आपल्या हाताखालची होती.

आता ती ठाण्याला एका कंपनीत होती, आणि सुट्टीच्या दिवसांत एकटीनं बसून तिनं हा खेळ बनवला होता. तो दुकानात लागला, परदेशातल्या कुणाकुणाला आवडला, आणि मुरबाडच्या सभागृहात तिला शाल-श्रीफळ मिळालं. योगिनी तिथे दुसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्याही तिनं सगळ्यांबरोबर वाजवल्या, जरा जास्तच वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात लिहिलं होतं, कुणालीनं कॉम्प्युटरचे पहिले धडे गावातल्या एका क्लासात घेतले.

एका क्लासात! योगिनीनं ती ओळ तीनदा वाचली. क्लासला नाव होतं. दारावर पाटी होती. पाटीवर मोबाईल नंबरसुद्धा होता.

"पेपरवाले असंच लिवतात," तिचा नवरा नितीन म्हणाला होता. तो भातसानगरला धरणावर कामाला होता आणि घरी आला की कुठल्याही गोष्टीला हसायला मोकळा असे. "त्यात तिचा काय दोष? तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या नाही दुखत पोटात."

"नाय ना? मग ओवा कशाला शोधतेस?"

ती खरोखरच ओव्याची बरणी शोधत होती, भज्यांच्या पिठात घालायला. तिनं बरणी सापडूनही बाजूला ठेवली आणि भजी ओव्याशिवाय तळली.

दुखत होतं. लपवण्यात काय अर्थ आहे? गुरूची विद्या गुरूला फळली, एवढ्यावर भागलं असतं तर तिनं ते पचवलं असतं. पण ऑफिसच्या मशीनवर, सगळ्या हिशोबांच्या आणि हजेरीच्या फाईलींच्या तळाशी, 'लावणी' नावाचा एक फोल्डर होता. अकरा वर्षांपूर्वी योगिनीनं खेळ करायला घेतला होता. चिखलातून एक बाई मागे मागे सरकते आणि रोपं लावत जाते, एवढंच जमलं होतं. बाईला पुढे काय करायचंय ते कधी ठरलंच नाही. मग तुकड्या वाढल्या, सासूचं आजारपण निघालं, नंतर कुठलं ना कुठलं कारण मिळत गेलं. ती बाई अकरा वर्षं त्याच बांधाशी वाकून उभी होती. कुणालीनं ती पाहिली होती. चौदा वर्षांची होती तेव्हा, खुर्चीच्या मागे उभं राहून, श्वास रोखून.

म्हणून तर योगिनीनं 'थाप' विकत घेतला होता, आणि त्यासाठी दुकानात 'पाहुणा' या नावानं नवं खातं काढलं होतं. आपल्यातलं काय काय उचललंय ते तिला बघायचं होतं. नावाला तर ती पहिल्या दिवशीच मनात हसली होती. म्हणे थाप. नाव तरी खरं ठेवलंस बाई.

आता खेळच उघडेना. उचललंय की नाही हे कळायलाही मार्ग नाही. बरं वाटणं चहा थंड होईपर्यंत टिकलं, मग तिला चैन पडेना.

लिनक्समध्ये एक बरं असतं. खिडकी मिटली तरी तक्रार लिहून ठेवलेली असते. टर्मिनलमधून, म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून, तोच खेळ चालवला की तो जाता जाता काय म्हणाला ते वाचता येतं. योगिनीनं टर्मिनल उघडलं, हुकूम दिला, आणि भराभर सरकलेल्या ओळींतली शेवटची वाचली. मग ती खुर्चीत मागे रेलून एकटीच हसली.

खेळ 'थाप' नावाच्या आवाजाची फाईल मागत होता, थोरल्या टीनं. फोल्डरमध्ये ती फाईल होती, पण धाकट्या टीनं. बस, एवढंच होतं.

थोरला आणि धाकटा हे या माडीतले शब्द होते, योगिनीनं पाडलेले. मराठीत अक्षराला लहानमोठेपण नसतं. क कुठेही लिहा, नावाच्या सुरुवातीला लिहा नाहीतर पोटात, तो कच. त्यामुळे गावातल्या पोरांना इंग्रजीतली मोठी लिपी आणि छोटी लिपी म्हणजे नुसती हौस वाटायची. त्यात कीबोर्डवर सगळी मोठीच छापलेली. विंडोजलाही फाईलींच्या नावांत लहानमोठं फारसं लागत नाही, ते आपलं सांभाळून घेतं. लिनक्स घेत नाही. म्हणून नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी योगिनी फळ्यावर दोन टी काढायची आणि सांगायची, "हा थोरला, हा धाकटा. घरात दोन जावा असतात ना, तसं. एका घरातल्या, एका चुलीच्या, पण थोरलीला हाक मारलीत तर धाकटी उठायची नाही." पोरं हसायची आणि विसरायची नाहीत. निदान तिला तसं वाटत आलं होतं.

कुणाली विसरली होती. विंडोजच्या गुळगुळीत मशीनवर काम करून करून विसरली होती. योगिनीनं फाईलचं एक अक्षर बदललं, धाकट्याचं थोरलं केलं, आणि बटण दाबलं.

खेळ उघडला.

पडद्यावर मातीचं मैदान होतं. मधे एक मुलगी उकिडवी बसलेली, समोर गाऱ्याचा ढीग आणि लाकडी साचा. बाजूला दोन बांबूंना बांधलेली साडीची झोळी, झोळीत बाळ. कीबोर्डवरची एक कळ दाबली की मुलगी साच्यात गारा भरून थाप मारते आणि कच्ची वीट जमिनीवर उतरते. दुसरी कळ दाबली की झोळी हलते. विटा थापत राहिलं तर बाळ रडतं, झोळी हलवत राहिलं तर विटा होत नाहीत, आणि मुकादमाची सावली लांब लांब होत पुढे येते. दोन बोटांचा खेळ. पाच मिनिटांत समजला, आणि त्यानंतर योगिनीला उठता येईना.

कारण तो कुठेतरी बदलत जात होता. विटांच्या ओळीमागे ओळ लागे, मागून एसटी जाई, एसटीत दप्तरवाल्या मुली असत, आणि नेमक्या त्या वेळी बाळ झोपलेलं असलं तर थापणारी मुलगी मान वर करून बघे. एवढंच. तिनं मान वर करावी म्हणून योगिनी विटा आणि झोळी यांचा मेळ घालत बसली. मेळ चुकला तर मान खालीच राही.

"मॅडम, काय खेळताय?" संध्याकाळच्या तुकडीतली मिताली दारातून डोकावली, तेव्हा योगिनी दचकली. दोन तास गेले होते.

"खेळत नाहीये. तपासतेय. बसा सगळ्या आपापल्या जागेवर."

उचललेलं काहीच नव्हतं. चिखल नव्हता, बांध नव्हता, वाकलेली बाई नव्हती. सगळं कुणालीचं स्वतःचं होतं. थोडं तरी उचललेलं असतं तर योगिनीला ते फार गोड लागलं असतं. चोर म्हणता आलं असतं, किंवा निदान ऋणी म्हणता आलं असतं. आता काहीच म्हणता येत नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

मुली टायपिंगला लागल्यावर तिनं एक गोष्ट केली. ज्या हातानं धाकट्याचं थोरलं केलं होतं, त्याच हातानं थोरल्याचं परत धाकटं केलं. एकदा बटण दाबून खिडकी मिटते याची खात्री करून घेतली. मग दुकानाच्या पानावर अभिप्रायाच्या चौकटीत तिनं इंग्रजीत लिहिलं की हा खेळ लिनक्सवर सुरूच होत नाही, पेंग्विनच्या चित्रावर विश्वास ठेवून घेतलेला खेळ असा निघावा हे बरं नाही, लिनक्सवाल्यांनी विसंबून राहू नये. शिफारस करता का, याला तिनं 'नाही' म्हटलं. मराठीत लिहिलं असतं तर ओळखू आलं असतं.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. इतिहासातल्या बाईनं धचा मा केला, तो कागद तरी खोटा होता. आपण तर उलट होतं तसं करून मग खरं तेच लिहिलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. समजूत पटली, पण रात्री जेवताना नितीननं विचारलं, तुझी ती कुणाली काय म्हणते, तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला काय ठाऊक.

शुक्रवारी कुणालीचा फोन आला.

"मॅडम, रविवारी आहात काय? आयला खेळ दाखवायचाय. तिनं अजून बघितलाच नाय. आपल्या क्लासात दाखवू काय? चार नंबरवर?"

योगिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझा लॅपटॉप आहे ना?"

"हाय ना. पण चार नंबरवर दाखवायचाय."

"ये की," योगिनी म्हणाली, आणि आवाजात इतका गोडवा आला की तिचा तिलाच वीट आला. "कधीही ये. तुझाच क्लास आहे."

आपल्या तोंडून 'तो लिनक्सवर चालत नाही गं' एवढं वाक्य सहज निघालं असतं. शनिवार अख्खा मोकळा होता. तिनं फळा पुसला, सहा मशीनची धूळ काढली, जिन्यावर पाणी मारलं. चार नंबरची खुर्ची पुसताना तिला दिसत होतं ते असं: आई शेजारी बसलेली, पोरगी बटण दाबते, खिडकी मिटते. पुन्हा दाबते, पुन्हा मिटते. शाल-श्रीफळवाली. तिनं खुर्ची दोनदा पुसली.

रविवारी साडेदहाला दोघी आल्या. कुणाली होती तशीच होती, किडकिडीत, केसांना तेल, फक्त पाठीवर चांगल्यापैकी बॅग. जिना चढून येताच तिनं वाकून योगिनीच्या पायांना हात लावला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. मागून तिची आई, ठकू, कठड्याला धरून चढली. नवं पातळ नेसली होती, त्याची घडी अजून मोडली नव्हती. चपला तिनं जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या.

"चपला वर आणायच्या ना, ठकूताई," योगिनी म्हणाली.

"नको वो. हितं मशिनी हायत."

कुणाली चार नंबरवर बसली, दुकानात शिरून आपल्या खात्यातून खेळ उतरवायला लावला. आईला शेजारी खुर्ची दिली. ठकू तिच्या अगदी कडेवर बसली, हात मांडीवर जोडून. मशीन जुनं, त्यामुळे पट्टी हळूहळू भरत होती. कुणाली आईला काय काय सांगत होती, हे माझं जुनं मशीन, हितं मी बसायची, ती खिडकी तवा फुटलेली होती. योगिनी मागे उभी होती, जिथे कधीकाळी कुणाली श्वास रोखून उभी राहिली होती.

"एकानं लिवलंय मॅडम," कुणाली मागे न बघता म्हणाली, "का लिनक्सवर चालतच नाय म्हणून. बघू आता."

"असं?" योगिनी म्हणाली.

पट्टी भरली. कुणालीनं बटण दाबलं. पडदा काळा झाला, मातकट काहीतरी चमकलं, खिडकी मिटली.

"लाईट गेली काय गो?" ठकूनं विचारलं.

"नाय आय. थांब."

पुन्हा दाबलं. पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा. कुणालीचे कान लाल झाले. शाळकरी असताना चूक झाली की व्हायचे तसेच. खाली नाक्यावर टमटमवाला शहापूर, शहापूर म्हणून ओरडत होता.

शुक्रवारपासून मनात घोळवलेलं सगळं योगिनीच्या समोर घडत होतं, एकेक करून, ठरवल्याबरहुकूम. फक्त ठकूचे हात तिनं हिशोबात धरले नव्हते. ते हात मांडीवर होते, बोटांच्या पेरांना भेगा, नखांत कधीच न निघणारी लाल माती, आणि खेळ दिसत नाही म्हटल्यावर ते आपोआप नव्या पातळाची निरी सारखी करू लागले.

"नसंल दिसत तर राहू दे गो," ठकू हळूच म्हणाली. "मॅडमला टाइम नसंल. मी बघितला असं सांगंन वाडीत."

हे योगिनीला ऐकवेना. पश्चात्ताप वगैरे मोठं नाव त्याला द्यायला नको. जळणं जिथल्या तिथे होतं. पण बघितला नसताना बघितला म्हणून सांगणार, आणि तेही आपल्या माडीतून खाली उतरून, हे तिला सहन झालं नाही.

"सरक," ती कुणालीला म्हणाली. "थोरला टी झाला असेल बघ कुठेतरी. थापचा."

कुणालीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिनं टर्मिनल उघडलं, खेळ तिथून चालवला, शेवटची ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आई गो! थोरलीला हाक मारली न् धाकटी कशी उठंल!" ती हसत सुटली. "पहिल्या दिवशी शिकवलेलं, मॅडम. पहिल्या दिवशी! कंपनीत माझं विंडोज, तिथं चालून गेलं. लिनक्सचा खेळ नुसती चौकटीत खूण करून तयार केला, मशीनच नाय ना माझ्याकडं तपासायला. तुमाला दिला असता तर तुमी पाच मिनिटांत धरलं असतं. पण तुमाला एकदम दाखवायचा होता."

तिनं नाव दुरुस्त केलं, बटण दाबलं. मातीचं मैदान आलं. मुलगी, साचा, झोळी. पहिली वीट उतरली तसा आवाज आला, ओला, भरलेला, आणि ठकू खुर्चीच्या कडेवरून एकदम पुढे झाली.

"ह्यो आपल्या साच्याचा आवाज."

"मग? तुझाच हात हाय त्यो. भट्टीवर फोनमध्ये घेतलेला मी."

ठकू बघत राहिली. मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "झोळीला हात कशापाय लावते ती? झोळीची दोरी पायाला बांधायची. हात कवा मोकळा असतो?"

"बघा मॅडम, आय पण चुका काढते."

"चूक ती चूक," ठकू म्हणाली. मग लेकीनं तिचं एक बोट एका कळीवर आणि दुसरं दुसरीवर ठेवलं, आणि जरा वेळ अडखळून तिला लय सापडली. थाप, झोळी, थाप, थाप, झोळी. बाळ रडलंच नाही. विटांच्या ओळी भराभर लागत गेल्या, मागून एसटी आली, आणि पडद्यावरच्या मुलीनं मान वर केली. योगिनीला दोन तासांत जेवढं जमलं नव्हतं तेवढं त्या बाईनं एका दमात केलं. ठकूनं डोळे पुसले की घाम पुसला हे मागून दिसलं नाही. योगिनीच्या पोटात पुन्हा कळ आली. आपल्या वाकलेल्या बाईकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

बाराच्या शहापूर गाडीला पोचवायला ती नाक्यापर्यंत गेली. आई वाडीला चालत जाणार होती, कुणाली ठाण्याला. गाडीचा पत्ता नव्हता. ठकू पलीकडे वडाच्या पारावर ओळखीच्या बाईशी बोलत बसली, हातांनी थाप कशी मारायची ते दाखवत. कुणालीनं तेवढ्यात बॅगेतून लॅपटॉप काढून दुरुस्त केलेला खेळ दुकानात चढवूनही टाकला.

"झालं. आता कुणी घेतला तर चालंल."

"तो अभिप्राय," योगिनी म्हणाली. रस्त्याकडे बघत म्हणाली. "त्याला सांग काढून टाकायला. आता चालतोय म्हणावं."

"कशाला? राहू दे. खोटं कुठं लिवलंय त्यानं?"

"तुझं नाव खराब होतं."

"नाय हो." कुणालीनं लॅपटॉप मिटला. "दुकान आपल्याला आकडे दाखवतं, मॅडम. विंडोजवर किती गेले, कुठल्या देशात गेले, सगळं. लिनक्सवर आजपर्यंत एकच गेलाय. एकच. कंपनीतली पोरं हसायची मला, म्हणायची लिनक्ससाठी कशाला मरतेस, तिथं कोण घेणार? मी म्हटलं, एक जण घेणार. नक्की घेणार."

योगिनीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ती त्याची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

"त्यो अभिप्राय निघाला तर लिनक्सवर कोणी घेतला होता हे तरी कसं कळंल?" कुणाली म्हणाली. "राहू दे."

गाडी आली. कुणालीनं आईला हाक मारली, वाकून योगिनीच्या पायांना हात लावला, चढली. खिडकीतून तिनं हात केला तो दोघींना मिळून एकच. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ठकू जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, पोरीनं तुमचं नाव घातलंय म्हणं त्यात. शेवटाला. मला वाचता येत नाय. तुमी बघितलं असंल."

"हो," योगिनी म्हणाली. शेवटापर्यंत ती गेलीच नव्हती. मितालीनं दारातून हाक मारली तेव्हा तिनं खेळ अर्ध्यात बंद केला होता.

ती माडीवर परत आली. चार नंबरचं मशीन कुणी बंद केलं नव्हतं. मैदान तसंच होतं, मुलगी साच्यापुढे बसून होती, आणि झोळी कुणी हलवत नव्हतं म्हणून बाळ केव्हापासून रडत होतं. योगिनीनं पेढे टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि एक बोट झोळीच्या कळीवर ठेवलं.